पालकातला किडा

जिन्यात चपलांचा एवढा ढीग होता, की धाकटीला स्वतःच्याच घरात शिरायला भिंतीला धरून चालावं लागलं. आत बैठकीत माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मधल्या पाटावर काचेची वाटी होती, आणि वाटीत लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक किडा गोल गोल फिरत होता. त्याला बाहेर पडायचं होतं. त्याला घरी जावंसं वाटतंय आणि यांना वाटत नाही, असं धाकटीच्या मनात आलं.

धाकटी बावन्न वर्षांची होती. पण ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून घरात ती कायमची धाकटी. गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात ती निवडणीच्या पट्ट्यावर बसायची. पुढून भाजी वाहत जायची आणि ही त्यातला कचरा, देठ, किडे उचलायची. हे काम एकोणीस वर्षं चालू होतं. डोळे मिटले तरी पापणीच्या आत मटार वाहायचे.

किड्याची कहाणी रविवारी सुरू झाली. ताईने दुकानातून आणलेलं गोठवलेल्या पालकाचं पाकीट फोडलं आणि त्यात हा किडा निघाला. तक्रार करायची म्हणून तिने फोनवर फोटो काढला. धाकटी तेव्हा कामावर होती. शेजारच्या शिंपीणकाकू धावत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हा साधा किडा नाही. बाबांना दाखवूया."

बाबा खालच्या मजल्यावर दोन महिन्यांपूर्वीच राहायला आलेले. फुंकर घालून दुखणं घालवायचे म्हणून फुंकरबाबा. बाबांनी किडा पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा शीतसमाधीत आहे. मी तासभर बागेत ध्यानाला बसतो." तासाभराने आले, किडा ठेवलेल्या बशीवर पांढरं कापड घातलं, कापडाखाली हात घालून किड्याला आशीर्वाद दिला आणि बशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. अर्ध्या तासाने स्वतःच काढली, किडा तळहातावर घेतला, तीन फुंकरा मारल्या. किडा चालू लागला.

एवढ्यावर थांबलं असतं तर धाकटीने अंघोळ करून ताणून दिली असती. पण बाबांनी ताईला सांगितलं होतं, "मेलेला उठला, तर तुझी साखर म्हणजे काय? पण सुई टोचलीस की कृपा गळून जाईल." ताईने चार दिवस इन्शुलिन घेतलं नव्हतं. तहान भागत नाही म्हणून पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी आला होता, आणि काल ती बसल्या बसल्या पेंगली होती.

"ताई, इंजेक्शन घे," धाकटी रोज म्हणायची.

"तुझा विश्वास नाही, म्हणून तू पट्ट्यावर बसतेस," ताई म्हणायची.

फोटो मात्र तिने नीट पाहिला होता. फोटोतल्या किड्याला पाच पाय होते आणि रंग विटकरी पडला होता. वाटीतल्याला सहा पाय आणि रंग झकास.

तिने हे पाटापलीकडे बसलेल्या बाबांना विचारलं. बाबा मंद हसले. "कृपेने पाय फुटला."

"आणि रंग?"

"तेज चढलं."

सगळ्यांनी मान डोलावली. धाकटीने मान खाली घातली. आठ तास पट्ट्यासमोर बसून आलेल्या बाईला वाद घालायला जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता. पण ताईच्या उशाशी तांब्या होता.

तिने फ्रिजमधून चटणीची एक छोटी डबी आणि पिशवीतून एक बरणी काढून पाटावर ठेवली. बरणीत अकरा मेलेले किडे होते.

"हे कालच्या पाळीत पट्ट्यावरून उचलले," ती म्हणाली. "वरिष्ठांना दाखवून टाकून द्यायचे असतात. मी ते त्यांच्याकडून मागून घेतले. बाबा, यातला एक उठवा. कुठलाही घ्या. फक्त कापड नको."

बाबांनी बरणीकडे पाहिलं, मग फ्रिजकडे. "कारखान्यात मेलेल्यांना समाधी नसते."

"तोही कारखान्यातच मेला होता."

"कशावरून?"

"कारखान्यात भाजी आधी उकळत्या पाण्यातून काढतात, मग गोठवतात. पालक आला तसा किडाही त्याच पाण्यातून आला. तो गोठून गप्प बसलेला नव्हता, बाबा. शिजलेला होता. शिजलेला किडा फुंकरीने उठत असेल, तर पातेल्यातला पालकही शेतात परत जाईल."

दारात उभं राहून अर्धवट विश्वास ठेवणारे पोस्टमनकाका फिसकन हसले.

"पण मग चालला कसा?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

धाकटीने चटणीची डबी उघडली. आत तसाच एक लाल किडा उताणा पडला होता. तिने काडीने हलवून पाहिला. हलला नाही.

"मेला," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. पाय वर आहेत."

धाकटीने तो तळहातावर घेतला. फुंकर नाही, मंत्र नाही. ती नुसती बसून राहिली, बसायची तिला सवय होती. दोन मिनिटं गेली. एक पाय हलला. मग दुसरा. किडा उलटला, तिच्या अंगठ्यावर चढला आणि पंख उघडून खिडकीतून निघून गेला.

मग शिंपीणकाकूंनी धाकटीला हात जोडले.

"काकू, हात खाली घ्या," धाकटी थकून म्हणाली. "कामावर जाताना गॅलरीतल्या गुलाबाच्या पानावरून जिवंत धरला. तेव्हापासून फ्रिजमध्ये होता. बर्फाच्या कप्प्यात नाही, खालच्या. गारठला की मेल्यासारखा पडतो, ऊब लागली की चालतो. बाबा बागेत ध्यानाला बसले होते ना, ते किडा पकडत होते. कापडाखाली अदलाबदल केली. गारठवायचं काम आमच्या फ्रिजने केलं."

"एवढं बाबांना कसं ठाऊक असणार?" काकूंनी विचारलं.

"पहिल्या दिवशी आले ना, तेव्हा आमच्या फ्रिजला कान लावून म्हणाले होते, गॅस कमी झालाय," ताई हळूच म्हणाली. तिचं लक्ष वाटीकडे होतं. "मला वाटलं, अंतर्ज्ञान."

"आमच्याकडे फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलायला आला होता हा," पोस्टमनकाकांना एकदम आठवलं. "तेव्हा दाढी नव्हती."

बाबा उठले. "तुमची श्रद्धा कच्ची आहे," म्हणाले, आणि चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागले. त्यांना बराच वेळ लागला, आणि कुणी मदत केली नाही.

माणसं पांगल्यावर ताईने विचारलं, "पण मुळात पालकात किडा आला कसा?"

धाकटीने पालकाचं रिकामं पाकीट आणून पालथं केलं. पाठीवर आकडे छापले होते: दुसरी पाळी, तिसरा पट्टा.

"माझा पट्टा," ती म्हणाली. "डुलकी लागली असेल. उद्या वरिष्ठांना सांगते."

"म्हणजे चार दिवस मी तुझ्या डुलकीची पूजा केली."

"हो."

ताईने पाकीट दुमडून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सांगू नकोस. बोलणी खाशील."

"बोलणी खाईन. आज भर बैठकीत बाबांना कापड नको म्हटलं, आता माझ्या चुकीवर मी कसं घालू?"

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी साखर मोजायला सांगितली, मग किती इन्शुलिन द्यायचं ते सांगितलं आणि सकाळी घेऊनच या म्हणाले. धाकटीने फ्रिज उघडला. इन्शुलिनची बाटली खालच्या कप्प्यातच होती, चटणीच्या डबीच्या रिकाम्या जागेशेजारी. चार दिवसांत एकाच फ्रिजने औषधही जपलं होतं आणि चमत्कारही. फ्रिजला त्यातला फरक कळत नाही. तो माणसाला कळायला हवा. त्यासाठी फार शिकावंही लागत नाही. समोर नवल घडलं, की हात जोडण्याआधी एवढंच विचारायचं: मध्ये कापड कशाला होतं?

"टोच," ताई पदर बाजूला करत म्हणाली. "आणि फुंकर घालू नकोस."