गॅरेटचे हातमोजे

गॅरेट लावाले माझ्याकडे राहायला आला तो सतराव्या वर्षी, आणि पहिल्याच जेवणाला त्यानं चौदा पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, संपवल्या. बर्फावरच्या ज्युनिअर हॉकीची पोरं अशीच लांबलांबून येतात आणि आमच्यासारख्यांच्या घरी मोसमभर राहतात. आईबाप फोनवर, शिव्या घालायला मी.

तीन वर्षं कोच प्रोकॉपनं त्याला एकच काम दिलं, मारामारीचं. समोरच्यांनी आपल्या कुणाला आडवं केलं की कोच बाकामागून गॅरेटच्या पाठीवर थाप मारायचा. गॅरेट कठडा ओलांडून बर्फावर जायचा, हातमोजे फेकायचा आणि ठोसे सुरू. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्यात, खोटं कशाला बोलू.

मागच्या मार्चमध्ये डोक्यात बसलेल्या अशाच एका ठोशानंतर तो आठ दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता. माझं नाव त्याला आठवेना. सप्टेंबरमध्ये परत आला तेव्हा कोचला तोंडावर म्हणाला, "या वर्षी खेळणार. मारणार नाही."

"तुला खेळायला ठेवलाय असं कोण म्हणालं?" कोच म्हणाला.

आमच्या लीगचा नियम असा की वीस वर्षांचे तीनच खेळाडू संघात चालतात. आमच्याकडे चार होते. दहा जानेवारीपर्यंत एकाला घरी पाठवायचं होतं, आणि एकविसाव्या वर्षी ज्युनिअरमध्ये कुणी घेत नाही. म्हणजे गॅरेटचा हा शेवटचा मोसम. कुणाला पाठवणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी पठ्ठ्या ऐकायला तयार नाही. डिसेंबरअखेर त्याचे नऊ गोल झाले. आधीच्या तीन वर्षांत मिळून चार होते.

नऊ जानेवारीला शेजारच्या गावाशी सामना होता. त्यांच्या एका धिप्पाड गड्यानं आमच्या गोलकीपरला पाडलं. गॅरेटच्या पाठीवर थाप पडली. तो गेला. समोरच्यानं हातमोजे फेकले.

"ये ना रे. का आईला विचारून येतोस?"

गॅरेटनं हातमोजे काढलेच नाहीत. समोरच्याचे दोन्ही दंड घट्ट धरले आणि पंच मध्ये येईपर्यंत सोडले नाहीत. तेवढ्यात एक ठोसा ओठावर बसलाच. आमचीच माणसं "घाबरट, घाबरट" करायला लागली. माझ्या मागे पोस्टमास्तर सगळ्यात जोरात.

मी वळून म्हटलं, "एवढी खुमखुमी असेल तर तू उतर की खाली."

मी आमच्या बाकाच्या अगदी मागे बसते, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. गॅरेट परतला तसा कोच म्हणाला, "उद्या बॅग भर." मग त्यानं एमेटच्या पाठीवर थाप मारली. एमेट सतरा वर्षांचा, तोही माझ्याच घरात राहतो, अजून दूध पिऊन झोपतो.

"जा. समोर दिसेल त्याला ठोक."

एमेट हलला नाही. हॉकीस्टिक दोन्ही हातांनी धरून तो बसून राहिला. कोचनं शेजारच्याला थाप मारली. तोही बसलेलाच. मग तिसरा, मग चौथा. पंच शिट्ट्या वाजवून कंटाळला आणि उशीर केला म्हणून आम्हाला दोन मिनिटांची शिक्षा झाली. कोच लालबुंद.

कप्तान त्याच्याकडे न बघता म्हणाला, "कोच, खेळायला पाठवा, लगेच जातो."

सामना आम्ही हरलो. दहा तारखेला गॅरेटला मी बसमध्ये बसवलं. रडले, पण रागानं जास्त.

"पुरे, व्हर्ना," तो म्हणाला. "नऊ गोल तर कुणी काढून घेत नाही ना."

दोन दिवसांनी कोचचा फोन आला. "तुझ्याकडे एक खाट रिकामी आहे ना? नवा पोरगा आणतोय. हात भारी आहे त्याचा."

"आण," मी म्हटलं.

पोरगा आला. अठरा वर्षांचा, दारात मावेना, बोटांची सालटी निघालेली. मी त्याला वाढलं. एमेटनं ब्रेड त्याच्याकडे सरकवला.

"एक सांगून ठेवतो," एमेट म्हणाला. "कोचनं मारायला थाप मारली की आमच्याकडे बसून राहायचं."

पोरगा त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "आणि घरी पाठवलं तर?"

"पाठवू दे," एमेट म्हणाला. "वीस जण आहोत. किती जणांना पाठवेल?"