चार मोर आणि एक पाटकरी

लेकीची सोयरीक जुळवायला वना धुळ्याला निघाला, तेव्हा बायकोनं, यशोदाबाईनं, त्याला दारातच गाठून बजावलं, "दखा, काई बी दिसनं तरी तोंड उघाडानं नही. चांगलं शे, इतलंच सांगानं."

बाईचं काय चुकलं? लेकीचं, धुरपदाचं, दोंडाईच्याचं स्थळ बापाच्या तोंडापायीच हुकलं होतं. भरल्या पंगतीत वनानं यजमानाला सुनावलं होतं, की तुमच्या मोरीचं पाणी रस्त्यावर जातं, तिथं दोन केळी तरी लावा. वना साक्रीकडच्या एका गावचा पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचं, ते तो बघायचा. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाया जाणारं पाणी बघवत नाही, त्याला तो तरी काय करणार?

मुलाचा बाप पितांबर धुळ्यात एका बागेत माळी होता. चहापाणी झाल्यावर तो मोठ्या कौतुकानं वनाला कारंजं दाखवायला घेऊन गेला. हौदाच्या मधोमध सिमिटाचे चार मोर. पितांबरनं चावी फिरवली आणि त्यांच्या चोचींतून पाणी असं उसळलं, की बाकावरची मंडळी 'वा वा' करत उभीच राहिली.

वनाला दिसलं ते वेगळंच. एवढं पाणी, आणि एकाही रोपाला नाही! हौद भरून सांडत होता, सांडलेलं सरळ गटारात पळत होतं, आणि चार हातांवर गुलाबांनी माना टाकल्या होत्या. वनाची जीभ शिवशिवली. पण त्याला धुरपदाचा चेहरा आठवला.

"कसं शे?" पितांबरनं विचारलं.

"चांगलं शे," वना म्हणाला आणि त्यानं दात आवळून घेतले.

तोंडानं ऐकलं, पण पाय ऐकेनात. पितांबर कोणा ओळखीच्याशी बोलायला वळला, तेवढ्यात वनाच्या टाचेनं चिखल दाबून गटाराचं तोंड बुजवलं. कुंपणाला टेकवलेलं फावडं हातात कधी आलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पितांबर परत वळून बघतो तर पाणी गुलाबांत शिरतंय आणि होणारा व्याही धोतर खोचून चिखलात पाट ओढतोय.

वना भानावर आला. गेलं हेही स्थळ!

पितांबरनं वाकून गुलाबांच्या बुडाशी पोचलेलं पाणी बघितलं.

"सहा साल व्हयनात, मी या गुलाबस्ले बादल्या वाही ऱ्हायनू," तो म्हणाला. "माले हाई सुचनंच नही. बठ्ठा लोके वर देखतस, वनाभाऊ. मी बी वरच देखू. खाल देखनारा तुम्हीनच पयला. पोर बी तुमनासारखीच शे का?"

"मन्हावरच गयी शे," वना कसाबसा बोलला.

"मंग साखर खाईसनच जा."

दुसऱ्या दिवशी वना घरी परतला तेव्हा यशोदाबाई दारातच उभी होती. "काई बोलनात का?"

"चांगलं शे, इतलंच."

तिनं त्याचं चिखलानं माखलेलं धोतर पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. वनानं तिच्या हातावर साखरेची पुडी ठेवली.