मधल्या जागेचा मान

सेबोमच्या पाच पोरींच्या नाचगाण्याच्या गटाचं गाणं कोरियात पहिलं आलं, तेव्हा तिच्या बोल्ग्यो गावाच्या चौकात तिच्या अभिनंदनाचा फलक लागला. असा फलक खरं तर गावानं लावायचा असतो. गाव दोन दिवस हललं नाही, म्हणून आजीनं, बुनसिमनं, स्वतःच लावला आणि खाली ‘समस्त गावकरी’ असं लिहून घेतलं.

मग शिंपल्यांच्या जत्रेत विरंगुळा केंद्रातल्या पाच बायकांनी त्याच गाण्यावर नाचायचं ठरलं. गाण्यात पोरी पाच, इथं म्हाताऱ्या पाच. बुनसिम पहिल्याच दिवशी मधोमध जाऊन उभी राहिली.

नाच शिकवणारी मुलगी चाचरत म्हणाली, “आजी, जागा ठरलेल्या आहेत. गाण्यात मध्ये युरिम असते.”

“असेना का!”

“म्हणजे मध्ये उभ्या राहिलात तर तुम्ही युरिम.”

युरिम देगू शहरातली, डोंगरापलीकडच्या प्रांताची; दोन्ही प्रांतांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. तिकडच्या माणसांकडून बुनसिमनं कधी सुकी मासळीसुद्धा घेतली नव्हती.

“आणि आमची सेबोम?”

“डावीकडे. मागे.”

पाचांतलीच शिंपलेवाली माल्सुन खुदकन हसली. “ताई, तुमची पोर शोधायला चष्मा लागतो. चार सेकंद पुढे येते. मोजलेत मी.”

“तुझा नातू नोकरीच्या परीक्षेत किती वेळा आपटला, तेही मोज की!”

बोलून तर गेली, पण पेच सुटेना. मध्ये उभं राहावं तर त्या देगूवालीचं सोंग घ्यायचं. नातीची जागा घ्यावी तर साऱ्या गावासमोर कोपऱ्यात. तिनं सेबोमला फोन लावला.

“तुला मागे का टाकतात गं? तुमच्या कंपनीच्या मालकाला फोन दे.”

“आजी, नको गं बाई! मागे उभं राहणंही सोपं नसतं. सगळे आपल्यालाच बघताहेत असा चेहरा ठेवावा लागतो. आणि एकेकीचा वेगळा व्हिडिओ काढतात की, त्यात शेवटपर्यंत तीच दिसते. माझा बघितलास ना?”

“दहा वेळा,” बुनसिमनं ठोकून दिलं.

पण तोड सापडली. दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या मनानं माल्सुनला मध्ये ढकललं आणि स्वतः नातीच्या कोपऱ्यात गेली. “जा, हो देगूची.” आणि जत्रेत जावयाच्या हातात मोबाइल देऊन बजावलं, “फक्त मी. दुसरीचं बोटसुद्धा दिसता कामा नये.”

संध्याकाळी केंद्रातल्या मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लागला. जावयानं हुकूम तंतोतंत पाळला होता. माल्सुन कुठंच नव्हती. होती ती बुनसिम, आणि तीन मिनिटं तिची मान मधल्या जागेकडे वळलेली, डोळे वटारलेले. नातीचे चार सेकंद आले तेव्हाही ती तिकडेच बघत होती. पुढं यायचंच विसरली.

“ताई,” माल्सुन हसून हसून डोळे पुसत म्हणाली, “माझा नाच इतका मन लावून आमच्या ह्यांनीसुद्धा कधी बघितला नाही!”

“चुकत होतीस, म्हणून लक्ष ठेवत होते,” बुनसिम म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

घरी दार लावून तिनं पहिल्यांदाच नातीचा तो वेगळा व्हिडिओ पाहिला. कोपऱ्यातली पोर घामानं निथळत होती, हसत होती. मधल्या जागेकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. बुनसिमनं पुन्हा लावला. एकदाही नाही.

“हा गुण माझा नव्हे,” ती पुटपुटली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून खिडकी लोटून घेतली.