सुखदेवच्या नावाची बाटली

शाळेच्या बसचे ड्रायव्हर दर जूनमध्ये माझ्या कर्वेनगरच्या दवाखान्यात येतात. मी डोळे, रक्तदाब, साखर तपासते आणि सही करते; मगच त्यांना बस मिळते. सकाळची लघवी घरूनच बाटलीत आणायची, ही पद्धत मीच पाडली होती. यंदा मीच ती मोडली, त्याला कारण सुखदेव.

माणूस लाख मोलाचा. इतकी वर्षं बस चालवतोय, पण एका पोराला साधं खरचटलं नाही. फक्त गोड दिसलं की जीभ आवरत नाही. यंदा तर त्याच्या मुलीचं, आम्रपालीचं, लग्न झालेलं.

मी बाटलीत पट्टी बुडवली आणि तिचा रंगच पालटला. साखर भरपूर.

"सुखदेवराव, अभिनंदन. लग्नातले लाडू पाहुण्यांना मिळाले का, की आपणच संपवलेत? आता बस विसरा. आधी औषध, मग बघू."

मला वाटलं, हातापाया पडेल. नोकरीचा प्रश्न होता. पण गडी पांढराफटक पडला.

"लई हाय का बाई? जिवाला धोका हाय?"

"बस चालवताना चक्कर आली तर पोरांच्या जिवाला आहे. तुमचं नंतर बघू."

"बसचं ऱ्हाऊ द्या. ती बाटली माझी न्हाई. आमच्या हिराची हाय."

मी कपाळावर हात मारला. लाडवांमुळे आपण पकडले जाणार, अशी याला धास्ती. तेव्हा बायको म्हणाली, माझी न्या, मला कधी डोकंसुद्धा दुखत नाही. वा रे शहाणे!

"ही लबाडी शाळेला कळवली तर उद्यापासून घरी बसाल. कळतंय का?"

"कळवा. पण तिला आत्ता तपासा. भाईर बाकावर बसलीय."

हिराला आत बोलावलं, बोटातून रक्त घेतलं. साखर तीनशेच्या वर. ती माझ्याकडे बघेचना, नवऱ्यावरच डोळे वटारले.

"तोंड उघडायची काय गरज व्हती तुमाला? नोकरी घालवाल एखाद्या दिवशी."

"हिरा, खूप तहान लागते का? थकवा येतो?" मी विचारलं.

"वरीस झालं. वयाचं आसंल म्हटलं."

"अहो, मग दाखवायचं नाही का? दर वर्षी याच्याबरोबर येऊन बाहेर बसता."

"मी कुठं बस चालवते, बाई? मला कोन तपासनार?"

ती हे अगदी सहज बोलली. रागवून बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. सुखदेव तिचा हात धरून बसला होता आणि माझ्यासमोर धरलाय याची त्याला लाजही वाटत नव्हती.

मग त्याला तिथल्या तिथे नवी बाटली दिली, बोटही टोचलं. सगळं ठणठणीत. इतके लाडू खाऊन हा माणूस ठणठणीत! माझा पारा चढला.

"अरे गाढवा, स्वतःची बाटली आणली असतीस, तर एव्हाना सर्टिफिकेट घेऊन घरी गेला असतास."

"गेलो असतो की," सुखदेव म्हणाला. "आन् हिलाबी तशीच घेऊन गेलो असतो."

मी त्याच्या कागदावर सही केली आणि नवीन कागदावर हिराचं नाव लिहायला घेतलं.