काळ्या दोऱ्याची गाठ

"काका, बसा ना. किती फेऱ्या मारताय?" शेफाली म्हणाली.

तिच्या हातात मी शिवलेली बंडी होती, उलटी केलेली. अंतराळवीरासाठीची. तिला आतून चांदीसारख्या धाग्याच्या पट्ट्या असतात. त्या अंगाला चिकटून राहिल्या की वर यानातल्या माणसाचे ठोके खाली डॉक्टरांना दिसतात. शेफालीची कंपनी परळला, गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये. शिलाई मात्र लालबागला, माझ्या खोलीत.

"हात वर केला की रीडिंग उड्या मारतंय. हे बघा, पट्टीखाली काळ्या दोऱ्याची गाठ आहे. पट्टी अंगापासून उचलली जाते."

मला बघायची गरज नव्हती. हातशिलाई माझी बायको मंजुळा करायची. ही बंडी पुरी केली आणि गणपतीआधी ती वारली. ती गाठ मारत होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, "हा काळा दोरा कशाला?"

"इतको लांब जातलो तो. कोणाची नजर लागूक नको."

"वर नजर लावायला कोण बसलंय?"

"तुमका काय म्हायत? गप मशीन चालवा."

मी हसलो होतो.

"दुसरी शिवून देतो," मी शेफालीला म्हणालो.

"उद्या सकाळी चाचणी आहे, काका. आणि हे कापड संपलंय."

मी दारापर्यंत गेलो, परत आलो. शेजारचे बाबुराव दारातच उभे होते.

"काय रे लवू, एक गाठ सोडवायला एवढा घोळ? मंजुळावैनी असती तर बोलता बोलता काढून दिली असती."

"तिनेच मारलीय ती."

बाबुराव चपला सरकवत निघून गेले. शेफालीने बंडी मशीनवर ठेवली.

"मग राहू दे, काका. ही बाद झाली म्हणून सांगते."

बाद झाली तर ती कोणीच घालणार नव्हतं. आणि गाठ ठेवून घातली, तर वरच्या त्या माणसाचे ठोके खाली चुकीचे दिसणार. मंजुळेला त्याचं वाईट व्हायला नको होतं.

मी बसलो. सुईच्या टोकाने गाठ सैल करून पाहिली. ती तिची गाठ होती, सुटणारी नव्हती. शेवटी कातरीने कापली.

कापडात सुईची दोन भोकं राहिली. सवयीने मी त्यांवर नख घासलं. वीण सरकली आणि भोकं बुजली.

शेफालीने तिथून बोट फिरवलं. हळूच म्हणाली, "आता कळतसुद्धा नाही, कुठे होती ते."

मी पुन्हा उठलो आणि दारापर्यंत गेलो.