माळ दाराला होती म्हणे!

मित्रांनो, मला जुना म्हणायचं तर म्हणा, पण माझं वय अवघं तीन वर्षांचं आहे. सोनगीरजवळ हायवेला लागून केळी पिकवण्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या दोन नंबरच्या खोलीचा गारवा सांभाळणारी पेटी म्हणजे मी. आता मी पॅकिंगच्या शेडमध्ये फळीवर धूळ खात पडलो आहे. का पडलो, ते सांगतो. राग आलेला आहे, तो लपवणार नाही.

केळं भारी लबाड फळ बरं का! पिकायला लागलं की ते आपलं आपणच तापतं. आज जरा सैल सोडलं, तर उद्या दुप्पट झटूनही आवरत नाही. त्यामुळे त्याला एकच एक नियम लावून चालत नाही. मला तसा नियम कुणी दिलाही नव्हता. माझ्या आत दोघे बसवले होते, एक करणारा आणि एक पारखणारा. करणारा म्हणायचा, "पंखा वाढवू." पारखणारा विचारायचा, "थांब, आज वाढवलास तर चौथ्या दिवशी फळ कसं निघेल? आणि वीज किती जाईल?" दोघांची रोज हुज्जत चालायची. चौथ्या दिवशी खरं फळ बघून पारखणारा आपला अंदाज सुधारायचा, मग करणारा आपली रीत सुधारायचा. असा मी चुकत चुकत शिकलो.

मला शिकवलं ईश्वरने. तो इथला सुपरवायझर. खोली उघडली की बेबाबाई केळ्यांची फणी हातात घ्यायची, अंगठ्याने दाबायची, देठ हुंगायची आणि दहापैकी गुण सांगायची. वीस वर्षं केळी पारखलेली बाई ती! ईश्वर ते गुण माझ्यात भरायचा. पहिल्या खेपेला मला तीन मिळाले होते. वर्षभराने एकदा बेबाबाई म्हणाली, "नऊ दे त्याले. दहा फक्त देवले!" त्या दिवशी ईश्वरने माझ्या पेटीवर थाप मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "हाऊ मना पोऱ्या शे!" खोटं कशाला सांगू, मी फुलून गेलो होतो.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा केल्याशिवाय कुणी घरी जात नाही. ईश्वरने मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूची भली मोठी माळ आणली. फुलं टवटवीत राहावीत म्हणून पाण्यात बुचकळली. पेटीवर ती नीट बसेना, तेव्हा त्याने ती खोलीत लटकणाऱ्या, गारवा मोजणाऱ्या माझ्या सेन्सरला गुंडाळली. मोठ्या मायेने गुंडाळली हो! मग दार लावून सगळे सोनं वाटायला गेले.

ओल्या फुलांच्या आत सेन्सर गार पडला. मला कळलं ते एवढंच, की खोली चौदा अंशांवर आली. माझा जीव घाबरला. फळ गारठलं की सालीवर काळपटपणा येतो, हे मी शिकलो होतो. म्हणून मी गारवा बंद केला. तरी आकडा चढेना. आणि तिकडे केळी आतल्या आत तापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर फणीला हात लावताच केळी गळून पडत होती. खोलीभर माल शिजल्यासारखा झाला होता. ईश्वरने आधी आजूबाजूला पाहिलं. मग माळ ओढून काढली आणि टोपलीत वाळल्या पानांखाली दडवली. मला वाटलं, आता हा सगळं सांगेल.

मालक रतिलाल नाना आले. कपाळाला हात लावून म्हणाले, "कसं झालं रे हे?"

"मशीननं डोकं फिरनं, नाना," ईश्वर म्हणाला.

बेबाबाई पुढे झाली. "नाना, मशीननी चूक नई शे. सेन्सरवर माळ व्हती, मी सोता दखी. ईश्वर, सांग ना रे!"

ईश्वर खाली बघत म्हणाला, "अक्का, माळ दारले व्हती."

अरे, ज्याने मला पोरगा म्हटलं, तोच असं बोलला! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. नाना म्हणाले, "शिकेल मशीन नको माले. साधं बटननं लाव." त्याच दुपारी ईश्वरनेच माझे स्क्रू काढले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बेबाबाईला त्या खेपेचे गुण विचारायलाही कुणी गेलं नाही.

मित्रांनो, शून्य मिळालं असतं तरी मी रडलो नसतो. माझी चूक असती, तर शून्यावरूनही मी शिकलो असतो, तेच तर माझं काम होतं. पण दुसऱ्याची चूक माझ्या नावावर टाकली, तर तिच्यातून मी काय शिकू? म्हणून हात जोडून सांगतो, शिकणाऱ्याला मारा, रागवा, नापास करा, पण त्याला खोटं सांगू नका.

परवा पुन्हा दसरा झाला. फळीवरून उघड्या दारातून माझ्या जुन्या खोलीतलं सगळं दिसत होतं. भिंतीवरच्या नव्या बटणाच्या डबीला ईश्वरने हळदकुंकू लावलं. मग ओली माळ घेऊन तो खोलीत शिरला. अजून लटकणाऱ्या त्या सेन्सरपाशी गेला आणि तिथेच थबकला. बेबाबाई त्याच्याकडे बघत उभी होती.

तो तसाच मागे फिरला, आणि त्याने माळ दाराला बांधली.