पत्र्याखालचं तापमान

मी एक जुना थर्मामीटर आहे. तापाचा नव्हे, खोलीचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हातभर लाकडी पट्टी आणि तिच्यावर काचेची नळी असं माझं रूप बघूनही काही शहाणे मला काखेत धरायला बघतात. मित्रांनो, माझा स्वभाव जरा तिरसट आहे. कामच तसं होतं. एका अंशाची चूक झाली की शेकडो जीव जातील, अशा ठिकाणी मी उमेदीची वर्षं काढली.

काचेच्या कारखान्यात मी जन्मलो. एकाने नळी ओढली, दुसऱ्याने तिच्यात लाल द्रव भरला, तिसऱ्याने मला बर्फात आणि गरम पाण्यात बुडवून अंगावर रेघा मारल्या. तिथून मी गेलो अंडी उबवायच्या केंद्रात. कपाटाएवढी यंत्रं, एकेकात हजारभर अंडी, आणि एकवीस दिवस साडेसदतीस अंश. यंत्रं सांभाळणारा माणूस तेव्हा ऐन तिशीत होता. तो तासातासाला यंत्राच्या काचेतून माझ्याकडे डोकावायचा, तोंडात घास असला तरी. पिल्लं बाहेर आली की चारचौघांत म्हणायचा, ही सगळी या पठ्ठ्याची करामत. मला कौतुक आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू?

पुढे आकडे उजळून दाखवणारी यंत्रं आली आणि मला स्क्रूंच्या डब्यात टाकलं. किती वर्षं ते मोजणं मी सोडून दिलं होतं. उबवणीवाला निवृत्त झाला तेव्हा त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि मला मात्र त्याने मागून घेतलं.

त्याचं घर पत्र्याचं होतं. सगळी गल्लीच पत्र्याची, भिंतीला भिंत लागून. घरात तो आणि शिवणकाम करणारी त्याची मुलगी, अशी दोघंच. तिला सगळे ताई म्हणत आणि त्याला बाबा. दोन वर्षांत बाबांची एक बाजू लुळी पडली आणि ते खाटेला खिळले. उन्हाळ्यात अकरापासून पत्रा तापायला लागायचा तो संध्याकाळपर्यंत. रस्त्याची धूळ आत येते म्हणून दार बंद, दुपारी नळाला पाणी नाही. बाबा छातीवर ओला टॉवेल घेऊन पडून राहायचे. कोंबडीच्या पिल्लांना अर्धा अंश जास्त लागू न देणारा हा माणूस स्वतः बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये पडलेला असायचा आणि मी समोरच्या खिळ्यावरून ते बघायचो. मला फार वाईट वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी ताईला एका अनुदानाची माहिती लागली. वाढत्या उष्म्यावर ज्या वस्त्या स्वतः काही करू बघतात त्यांच्यासाठी ते होतं. गल्लीतल्या दहा घरांच्या बायका जमल्या आणि ठरलं, की सगळ्या पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा, आणि टोकाला जी रिकामी शेड पडली आहे तिची गार खोली करायची. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं दुपारी तिथे राहतील. अर्ज बावीस पानांचा. ताईने तो शिलाई मशीनच्या फळीवर बसून भरला. ‘लाभार्थी’ या शब्दापाशी ती थांबली आणि बाबांना म्हणाली, की आता तुम्ही साधेसुधे राहिला नाहीत. बाबा पुष्कळ दिवसांनी हसले.

चौदाव्या प्रश्नाने माझं नशीब उघडलं. दहा घरांतलं आतलं तापमान, पंधरा दिवस, रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मोजून लिहा. ताईने मला पुसलं, कापडी पिशवीत घातलं आणि आम्ही निघालो. प्रत्येक घरात दहा मिनिटं, सगळ्यात शेवटी आमचं घर. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला काम सांगत होतं.

पण झालं काय, त्या गल्लीत पूर्वी एकदा पाहणीला साहेब लोक येऊन गेले होते आणि ‘अस्वच्छ वस्ती’ असं लिहून गेले होते. ते सगळ्यांच्या मनात सलत होतं. आता आपली घरं कागदावर जाणार म्हटल्यावर बायकांनी सकाळीच पाणी भरून ठेवलं. मी पोचायच्या आत लाद्या पुसलेल्या, दारंखिडक्या सताड उघड्या, खिडकीत ओली चादर. आणि एक निळा टेबलफॅन. पहिल्या घरात तो होता, तिसऱ्यात होता, पाचव्यातही तोच माझ्यावर वारा घालत होता. आम्ही पुढच्या दाराने निघालो की तो मागच्या दाराने पळत पुढच्या घरात जाऊन आमची वाट बघायचा. मला हसू येत होतं आणि धडकीही भरत होती. ताईच्या ते ध्यानात आलं होतं, पण लोकांच्या अब्रूला हात कसा लावायचा, म्हणून ती दिसेल तो आकडा लिहून पुढे निघायची. शेवटी तिनेही घरी येऊन लादी पुसली, दार उघडलं आणि मग मला खिळ्यावर लावलं. सगळीकडे बत्तीस, तेहेतीस. मी तरी काय करणार? जे होतं ते दाखवलं.

चार महिन्यांनी पत्र आलं. आपल्या वस्तीतील घरांचे अंतर्गत तापमान सह्य मर्यादेत आढळल्याने अर्ज अमान्य करण्यात येत आहे. ताईने ते दोनदा वाचलं. बाबांनी सगळं विचारून घेतलं, दारं उघडी होती की बंद, पंखा कुठे होता. मग ते अजिबात न रागावता म्हणाले, “यंत्राचं दार उघडून आकडा घेतला, तर तो दाराचा आकडा असतो गं, अंड्यांचा नाही. मला विचारायचंस की.”

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज निघाले. या खेपेला बाबा खाटेवरून हुकूम सोडत होते. कोणी लादी पुसायची नाही, पंखा हलवायचा नाही, रोज जसं असतं तसंच मोजायचं. बायकांनी ऐकलं. पण बाबा स्वतःच्या बाबतीत आणखी कडक झाले. म्हणाले, मोजायच्या आधी दोन तास माझा टॉवेल काढून ठेव, ओल्या कापडाने आकडा खाली येतो. ताई म्हणाली, टॉवेल तुमच्या छातीवर, थर्मामीटर त्या भिंतीवर, काय संबंध? बराच वेळ वाद झाला.

“यंदा कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही,” बाबा म्हणाले. “पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.”

ताई नाइलाजाने टॉवेल काढून निघायची आणि पावणेचारला परत यायची. घराघरांत मी चाळीसच्या वर चढत होतो आणि ती तसंच वहीत लिहीत होती. अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. तिने सवयीने आधी मला खिळ्यावर लावलं आणि मग वळून बाबांकडे बघितलं. बाबा गेले होते. शेजारपाजारची माणसं धावत आली, कोणी डॉक्टरला आणायला पळालं, ताई त्यांचा हात धरून बसून राहिली. मी चव्वेचाळीसवर होतो. तो आकडा तिने चार दिवसांनी वहीत लिहिला, उरलेले चार दिवस मोजले आणि अर्ज वेळेत पाठवला.

उत्तर आलं ते असं. मागील वर्षाच्या व यावर्षीच्या नोंदींत दहा अंशांहून अधिक तफावत असून वापरलेले उपकरण सदोष असण्याची शक्यता आहे, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. याबाबत पुढील पत्रव्यवहार केला जाणार नाही.

बायका म्हणाल्या, जाऊन सगळं खरं सांगू या. ताई म्हणाली, “काय सांगू? गेल्या वर्षी आम्ही घर आवरून दाखवलं, आणि यंदा माणूस गेला?” तिने मला खिळ्यावरून काढलं आणि मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनांच्या शेजारी. या वर्षीच्या अर्जाची तारीख कधीच टळून गेली. पत्रे तसेच तापतात. खाट रिकामी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगून मी थांबायला हवं. पण मला जपून आता कोणाचं काय भलं होणार आहे? तुमच्या घरी कोणी तुमचा त्रास मोजायला आलं, तर लाजेखातर घर आवरू नका. आहे तसं, पहिल्याच वेळी दाखवा, दुसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही. आणि मोजताना घरातल्या आजारी माणसाच्या छातीवरचा ओला टॉवेल काढू नका. माझी भिंत खाटेपासून सहा हात लांब होती. त्या टॉवेलने माझा आकडा पाव अंशानेसुद्धा हलला नसता.